हौदातली कोय

आमच्या सोसायटीचा मासा आजारी पडला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. त्या पदवीसाठी मी झुरळं कापली होती, बेडूक कापले होते आणि परीक्षेत एक मुशी, म्हणजे छोटा शार्क, कापून तिच्या मेंदूच्या नसा नीट मोकळ्या करून दाखवल्या होत्या. जिवंत मासा बरा कसा करायचा हे कुणी शिकवलं नव्हतं. पण मी शाळेत शास्त्र शिकवत होते, उन्हाळ्याची सुट्टी चालू होती आणि तीन मजल्यांच्या त्या इमारतीत माझ्याइतकं रिकामं आणि माझ्याइतकं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. 'मॅडम आहेत ना, मॅडम बघतील,' असं सेक्रेटरी म्हणाले आणि मीही मान डोलावली. मला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

अंधेरीहून वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमची इमारत होती. ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. पुढच्या अंगणात गोल सिमेंटचा हौद आणि त्याच्या मधोमध कारंजं होतं. ते कारंजं सोसायटीच्या सत्यनारायणाच्या दिवशी एकदा उडालं, त्यात सेक्रेटरींचा नवा झब्बा भिजला आणि पुन्हा कधी उडालं नाही. हौद मात्र राहिला. त्यात तळमजल्यावरच्या काकांनी मासा आणून सोडला.

काका मालवणकडचे. सगळा जन्म बोटीवर इंजिनच्या खोलीत गेलेला, बायको वारलेली, मुलंबाळं नाहीत. शेवटच्या फेरीत जपानहून हा मासा एका डब्यात घालून, वाटेत पाणी बदलत बदलत आणला असं ते सांगत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मते तो क्रॉफर्ड मार्केटचा होता. जातीचं नाव कोई, असं काका म्हणत. आमच्या इमारतीने दोन दिवसांत त्याची कोय करून टाकली आणि मग मासाही बाई झाला. कोय आली, कोय जेवली, कोय रुसली. ती होतीही पिकल्या आंब्याच्या रंगाची, अंगठ्यापासून कोपरापर्यंत लांब. काकांची चप्पल वाजली की हौदाच्या काठाशी येऊन तोंड उघडून उभी राहायची. काका तिच्याशी बोलत. माणसांशी त्यांचं फारसं पटत नसे. पाण्याच्या पंपावरून, सायकली कुठे लावायच्या यावरून, दिवाळीच्या वर्गणीवरून त्यांची सगळ्यांशी भांडणं झालेली होती.

त्या उन्हाळ्यात कोय काठाशी येईनाशी झाली. एका कोपऱ्यात तिरकी होऊन राहायची. पोट फुगलेलं, कल्ले जोरजोरात हलताहेत. मधूनच पालथी होऊ लागायची आणि मोठ्या कष्टाने पुन्हा सरळ व्हायची. मी हौदाच्या कठड्यावर बसून बराच वेळ बघितलं, गंभीर चेहरा केला आणि पाण्यावर संशय घेतला.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशाला सोसत नाही, असं मी काकांना समजावलं. काका म्हणाले की ते पाणी पिंपात एक दिवस उघडं ठेवूनच हौदात घालतात. मग मी उन्हावर आले. काकांनी मुकाट्याने बांबू रोवून हौदावर गोणपाट बांधलं. मग मला नव्याने रंगवलेल्या कंपाउंडच्या फाटकाची आठवण झाली. रंग हौदात गळला असेल. काकांनी गुडघाभर पाण्यात उतरून कडा घासून काढल्या. मी सांगेन ते ते करत होते. एरवी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी वाद घालणारा माणूस एका शब्दाने हुज्जत घालत नव्हता. मला वाटलं, शिक्षणाचा मान ठेवताहेत.

दारावर येणाऱ्या कोळणीलाही मी विचारलं. वर्सोव्याची होती, मासळी तिच्या घरातली. तिने पाटी खाली ठेवून हौदात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "मेलेली मासली आन, ताजी का शिली ते सांगतंय. जितीचा दुखना मना नाय कलत बाय." मग उगाच जाता जाता, "मोठी झाली पन," असं म्हणून गेली.

मग मी मुलांवर आले. सुट्टीमुळे सगळी पोरं दिवसभर खाली असायची आणि त्यांच्या हातात वेफर, बिस्किटं, काही ना काही असायचंच. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून मी हौदापाशी पाटी लावली: 'माशाला काहीही खायला घालू नये.' खाली 'आदेशावरून' असंही लिहिलं. कुणाच्या आदेशावरून ते नाही लिहिलं. पोरांना ओळीत उभं करून शाळेतल्या आवाजात दम भरला. आई वर गॅलरीतून हे सगळं बघत होती. मी जिना चढून आले तर म्हणाली, "पोरांना कशाला ओरडतेस गं उगाच? लहान आहेत."

आई आणि मी, दोघीच होतो. बाबा मी कॉलेजात असतानाच गेले. मी एकोणतिसाची होते आणि आमच्या घरात तो आकडा कुणी मोठ्याने उच्चारत नसे. स्थळं येत, पोहे होत, निरोप येई की पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळत होती की नाही ते देव जाणे, पण सगळ्यांच्या सोयीचं ते कारण होतं. आई एका जोशीबुवांकडे जाऊन यायची. मला ते आवडायचं नाही, म्हणून मला सांगायची नाही, आणि मला कळलंय हे मीही तिला सांगायचे नाही.

कोयीचा आजार काही हटेना. पण बघता बघता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. कोय रोज सारखीच आजारी नव्हती. शुक्रवारी तिचे हाल बघवत नसत. मग हळूहळू उतार पडे, बुधवारपर्यंत ती बऱ्यापैकी सरळ पोहू लागे, आणि पुन्हा शुक्रवारी पोट टम्म. हा शोध मी भेटेल त्याला सांगितला. सेक्रेटरींना, वाण्याच्या दुकानात भेटलेल्या बायकांना, दूधवाल्याला. "जे काही होतंय ते गुरुवारी होतंय," मी म्हणायचे. "आठवड्यातून एकदाच, बरोबर गुरुवारी. कोण काय करतंय ते शोधायला हवं." घरी आईलाही सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली.

शेवटी मी ठरवलं की हौद उपसायचा आणि तळ बघायचा. रविवारी सकाळी कोयीला काकांच्या मोरीतल्या टबात ठेवलं आणि पुरुषमंडळींनी बादल्यांनी पाणी काढलं. बायका कठड्याशी जमल्या. मी साडीचा पदर खोचून मध्ये उभी, हातात काकांची जाळी. तळाला बोटभर काळा चिखल होता आणि त्यातून वास येत होता. मी जाळी फिरवली, वर काढली, नळाखाली धरली आणि सगळ्यांना दाखवली.

जाळीत फुगलेली, बुळबुळीत झालेली पिवळी डाळ होती. थोडीथोडकी नव्हे, चांगली ओंजळभर.

"ही बघा," मी म्हटलं. "कुणीतरी हिला कच्ची डाळ घालतंय. ती पोटात जाऊन फुगते, आणि उरलेली तळाला सडते. सापडलं कारण."

"हरभऱ्याची दिसते," दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वाकून म्हणाल्या. "भिजवलेली." मग त्यांनी विचारलं, "तू म्हणत होतीस ना, गुरुवारचंच काहीतरी होतं म्हणून?"

"हो. दर गुरुवारी," मी म्हणाले. अजूनही माझ्या डोक्यात उजेड पडलेला नव्हता.

काकू सरळ उभ्या राहिल्या. सेक्रेटरींच्या बायकोने काकूंकडे पाहिलं. मग आणखी एकीने. मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या, कुणी आपल्या पायांकडे, कुणी बादलीकडे बघू लागलं. आणि तेव्हा मला कळलं. गुरुवार, पिवळा रंग, हरभऱ्याची डाळ. मुलीला गुरुबळ नसलं की लग्न अडतं आणि गुरूची कृपा व्हावी म्हणून पिवळं धान्य द्यायचं असतं, हे त्या कठड्याभोवती उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. आणि आमच्या इमारतीत लग्नाची राहिलेली मुलगी एकच होती. तीच जाळी हातात धरून उभी होती.

मी वर पाहिलं. गॅलरीत आई होती. ती आत गेली.

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर पातेल्यात हरभऱ्याची डाळ भिजत असायची. मी रोज त्या ओट्यापाशी चहा करत होते. ती डाळ आम्ही कधी खाल्ली नाही, हे काही माझ्या मनात आलं नाही. वार शोधणारी, पाण्याचा वास घेणारी, आदेशावरून पाटी लावणारी मी, मला माझ्या घरातलं पातेलं दिसलं नव्हतं. मान इतकी तापली होती की कानापर्यंत जाणवत होती. "बघू, धुऊन घेऊ या हौद," असं काहीतरी मी बोलले. "होईल गं सगळं," सेक्रेटरींची बायको माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. ते हौदाबद्दल नव्हतं, हे सगळ्यांना कळलं, पुरुषांनासुद्धा.

वर गेले तर आई पोळ्या लाटत होती.

"आई, तू?"

"जोशीबुवांनी सांगितलं. पाण्यातल्या जिवाला पिवळं घाला म्हणाले." तिने पोळी उलटली. "दर गुरुवारी वर्सोव्याच्या समुद्रावर कुठे जाऊ मी? गुडघे बोलतात माझे. आणि खाली हा मासा. तोही पिवळा, गुरूचाच रंग. मला वाटलं, देवानेच ठेवलाय."

"मी पाटी लावली तरी घालत होतीस?"

"पाटीवर काहीही घालू नये असं होतं. हे काहीही होतं का?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तो कसा तोंड उघडून यायचा गं. मला वाटायचं, घेतोय तर पोचत असेल."

मी तिच्यावर ओरडले. कोय मेली तर काकांना काय तोंड दाखवू, सगळ्या इमारतीत माझी शोभा झाली, मला विचारलं का नाहीस. ती म्हणाली, "विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?" आणि गॅस बंद केला. आम्ही दोघी त्या दिवशी जेवलो नाही. पोळ्या तशाच डब्यात राहिल्या.

संध्याकाळी अंगण रिकामं झाल्यावर मी काकांकडे गेले. जाणं भागच होतं. काका मोरीत स्टुलावर बसले होते, कोय टबात तिरकी तरंगत होती, पोट अजून फुगलेलंच. पाण्यात थोडं मीठ घालून ठेवा आणि काही दिवस काहीही खायला घालू नका, वाचते बहुतेक, असं मी सांगितलं. मग म्हटलं, "काका, ती डाळ आमच्या आईची. मी तिच्या वतीने माफी मागते. आम्हाला खरंच माहीत नव्हतं."

"माका ठावक होता," काका म्हणाले.

मला वाटलं सकाळी कळलं असं म्हणताहेत. पण ते पुढे बोलले, "पयल्याच गुरवारी बघलंय मी. पाट्येचीच, काळोखात खाली येय तुजी आई, वाटी घेवन. हात जोडी, पुटपुटी आणि डाळ घाली. माका काय समाजना नाय? माज्या भयणीक तेच सांगितला होता बामणान."

"मग बोलला का नाहीत? कोयीचं पोट बघत होता ना तुम्ही? मी उन्हाचं सांगितलं, रंगाचं सांगितलं, तुम्ही गोणपाट बांधलंत, कडा घासल्यात..."

"मगे काय बोलतलंय?" काका म्हणाले. "माशाचा पोट दुकता म्हणान तुजा लगीन आडवू?"

अख्ख्या इमारतीत ज्या माणसाने कुणासाठी कधी एक पाऊल मागे घेतलं नव्हतं, तो आपल्या एकुलत्या जिवाला डोळ्यांदेखत फुगताना बघत गप्प राहिला होता. माझं लग्न होईल म्हणून. सकाळी सगळ्यांसमोर वाटली ती लाज मला एवढ्या वेळात थोडी सोसायला येऊ लागली होती. ही मात्र पोटात जाऊन बसली. मी कुणाला काही मागितलं नव्हतं, आणि तरी आई, काका, तो मासा, सगळी माझ्यासाठी काहीतरी गिळत बसली होती. मला तिथून हलताही येईना.

काकांनी मला स्टूल दिलं आणि ते चहा करायला आत गेले. कोयीने एकदा कष्टाने सरळ होऊन पाहिलं, टबाच्या काठाशी माझ्या बाजूला आली आणि सवयीने तोंड उघडलं.

"नको गं," मी तिला हळूच म्हटलं. "आता तू तरी माझ्यासाठी काही खाऊ नकोस."