आजोबांसकट निघालेला तंबू

तंबूला पाय नसतात. आमच्या तंबूला दोन होते, आणि त्यांत कोल्हापुरी चपला होत्या.

रेवा, ईशान, तिकडे परदेशातल्या त्या अवाढव्य उद्यानातले तुमचे तंबूतले फोटो पाहिले आणि मी जाहीर केलं, “येत्या उन्हाळ्यात मीही तुमच्याबरोबर तंबूत राहणार!” त्यावर तुमचे बाबा फोनवर काय म्हणाले? “आई, तुझ्यासाठी आपण हॉटेल घेऊ.” हॉटेल! मला! मग ठरलं: मी आधी इथेच एक रात्र तंबूत काढायची, फोटो पाठवायचा, तरच माझं विमानाचं तिकीट.

तर थंडीत आम्ही त्र्यंबकेश्वरच्या पुढच्या जंगलात तलावाकाठी पोहोचलो. मी, आजोबा आणि गाडी चालवायला तुमचा मंदारकाका. तंबू भाड्याचा, जुन्या पद्धतीचा: मध्ये खांब, चहूबाजूंनी खुंट्यांना ताणलेल्या दोऱ्या, खाली तळ नाही. मंदारने तो उभारला आणि, “आई, आता कशाला हात लावू नकोस हं,” असं बजावून पक्षी बघायला गेला.

मी कशाला हात लावतेय? मी फक्त भाड्याच्या चादरी धुतल्या. (परकी चादर न धुता अंगावर घेणं आपल्या घरात होत नाही, मग जंगल असो की राजवाडा!) आणि वाळत घालायला छान ताणलेल्या दोऱ्या समोरच होत्या. चार ओल्या चादरी, वर एक सतरंजी. खुंटे एकेक करून उखडले आणि तंबू अलगद खाली बसला. आत वामकुक्षी घेणाऱ्या आजोबांवर.

“अगं, संध्याकाळ झाली का?” आतून आवाज आला.

“नाही हो, तंबू पडलाय! उठा आणि खांब धरून उभे राहा.”

“किती वेळ?”

“मी सांगेपर्यंत! मंदारला कळलं तर माझं तिकीट गेलं!”

खुंटे काही पुन्हा जमिनीत जाईनात. मग मी डोकं चालवलं. एका बाजूच्या दोऱ्या पाण्याने भरलेल्या बादलीला बांधल्या आणि दुसऱ्या बाजूच्या आमच्या गाडीच्या मागच्या हुकाला. तंबू ताठ! मी विजयी मुद्रेने चादरी झुडपांवर पसरायला गेले.

तेवढ्यात मंदार आला. त्याने समोरूनच तंबू पाहिला, “जेवणाचं सांगून येतो गं!” म्हणाला आणि गाडी सुरू केली.

गाडीमागे तंबू निघाला. तंबूमागे बादली. आणि तंबूखाली त्या दोन चपला, आधी चालत, मग चक्क धावत!

“अहो, खांब सोडा!” मी ओरडले.

“तूच धरा म्हणालीस ना!” तंबू ओरडला.

तिथला चौकीदार कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. “आजी, तुमच्या घराला लय घाई हाय का?”

गाडी थांबली तेव्हा आजोबा सुखरूप होते, बादली चेपली होती आणि खांबाचे दोन तुकडे झाले होते. मंदार पोट धरधरून हसत होता. मुकाट्याने आम्ही जवळच्या विश्रामगृहात खोली घेतली.

पण मी हार मानते की काय? सकाळी खोलीतच दोन खुर्च्यांवर तो तंबू पांघरला, आत शिरले, डोकं बाहेर काढलं आणि आजोबांकडून फोटो काढून घेतला. खाली लिहिलं, “तंबूतली रम्य सकाळ.”

तुमच्या बाबांचा लगेच मेसेज: “आई, जंगलात पंखा?”

मी लिहिलं, “आमच्या जंगलात सोयी फार चांगल्या आहेत. तिकीट काढ.”