जितूच्या नावावर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गाईडला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. ओळख नसलेल्या माणसासमोर जीभ सैल सुटते, एवढंच असेल.

जितू आणि मी, दोघंही नंदुरबारकडचे. पुण्यात एकाच प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होतो. चुंबकाच्या अतिपातळ थरात ध्रुव कसे उलटतात, हे सॉफ्टवेअरवर चालवून बघायचं — हे आमचं काम. ते चालायचं संस्थेच्या सामायिक संगणकांवर, रांगेत नंबर लावून. रांगेचा नियम साधा. ज्यानं बरेच दिवस काही चालवलं नाही, त्याचा नंबर आधी. मी पडलो अधाशी, माझा नंबर कायम शेवटी.

मग विसरवाडीजवळ ट्रकनं जितूच्या मोटरसायकलला उडवलं. जागीच गेला.

त्याचं खातं मात्र कुणी बंद केलं नाही. पासवर्ड मला माहीत होता — एकमेकांची कामं बघायचो आम्ही. काही आठवडे मी रांगेकडे नुसता बघत बसलो. आणि मग... कसं सांगू? मेलेल्या माणसाइतकं स्वस्थ दुसरं कोण असतं? मी त्याच्या नावानं माझं काम टाकलं. लगेच लागलं. पडद्यावर सगळ्यांच्या वर जितूचं नाव, आणि पुढे 'चालू'. अंगावर काटा आला. तरी दुसरं टाकलं.

काम टाकायची फाईलही त्याचीच उचलली होती. तिच्यात त्याचा ईमेल होता — काम संपलं की त्याच्या फोनवर सूचना जाणार. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दिवाळीत त्याच्या गावी, तापीकाठी, मावशींना — त्याच्या आईला — भेटायला गेलो. त्याचा फोन देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला लावलेला. रिचार्ज त्या संपू देत नव्हत्या. चहा घेताना फोनमधून घंटा वाजली. काम संपल्याच्या सूचनेला जितूनं तोच आवाज लावला होता. सुट्टीत घरी असला की घंटा ऐकून जेवणावरून उठायचा आणि लॅपटॉप उघडायचा. मावशींना तो आवाज पाठ होता. फोनकडे बघत त्या अहिराणीत हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्यानं काम आजून चाली ऱ्हायनं का?"

जितूचं काम अजून चालू आहे का, हे त्या मला विचारत होत्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हा मावशी, चाली ऱ्हायनं."

त्यांचा चेहरा उजळला, तो मी बघितला — आणि तरी पुण्याला परतून कामं टाकतच राहिलो. ईमेलची ओळ काढली नाही. तेवढाच त्यांना आधार, अशी मनाची समजूत घातली. खोटं. दोन्ही खाती आलटूनपालटून वापरली की माझा नंबर आधी लागत होता, एवढंच. त्या मात्र घंटा चुकू नये म्हणून लेकीकडेही राहायला जाईनाशा झाल्या, असं नंतर कळलं.

माझा प्रबंध झाला. जितूचं नाव त्यात कुठेही नाही. कामं टाकणं थांबलं. थोड्या दिवसांनी मावशींचा फोन आला — घंटा का वाजत नाही? आवाज अगदी शांत होता.

मी म्हणालो, "मावशी, त्यानं काम पुरं व्हई गयं."

"मंग आते घर येई ना तो?"

मी "हा, येई" म्हणालो. त्यानंतर त्यांचे फोन मी उचललेले नाहीत.