तापानं राखलेलं रक्त

कमळाचं माहेर चामोर्शीच्या पुढे, जंगलाला लागून. तिथे दर पावसाळा सरताना हिवताप यायचा आणि घराघरातून एखादं लेकरू घेऊन जायचा. तिचे दोन भाऊ गेले, पाठची बहीण गेली. कमळालाही हुडहुडी भरायची, पण दोन-चार दिवसांत ती उठून चिंचा पाडायला पळायची. देवीनं ही एक तरी ठेवली, म्हणून आई नारळ फोडायची. देवीचा यात कितपत हात होता हे कळायला कमळाला साठी गाठावी लागली, आणि कळलं तेव्हा नारळ फोडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

लग्न होऊन ती भैयाजींच्या घरी आली. भैयाजी म्हणजे धानाची चांगली शेती, ताठ मान आणि स्वतःच्या रक्ताचा भलता अभिमान. नाक, कपाळ आणि रंग पाहून आपण माणसाची जात ओळखतो, असा त्यांचा दावा. एकदा गावात आलेल्या नव्या तलाठ्याला त्यांनी ‘हा आपलाच माणूस’ म्हणून पाटावर बसवलं, आग्रह करकरून भात वाढायला लावला. तो निघाला गोंड. गाव कितीतरी दिवस हसत होतं. भैयाजींनी मात्र आपली विद्या सोडली नाही; त्या तलाठ्याचं नाकच फसवं आहे म्हणाले.

मुलाची, विक्कीची, सोयरीक त्यांनी सोनं पारखून घ्यावं तशी निवडली. मुलीच्या आईचं माहेर कुठलं, आजीचं कुठलं, कोणी कधी बाहेरची करून आणली का, सगळं खोदून विचारलं. त्याच दिवसांत बौद्ध वस्तीतल्या समाजमंदिरात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी लागली होती. लग्नाआधी पोरापोरीचं रक्त तपासून घ्या, असं शाळेतले धम्मदीप सर घरोघर सांगत फिरत होते. भैयाजींनी त्यांना ओसरीवरूनच वाटेला लावलं.

“सर, तो तुमच्यातला न् गोंडाइतला रोग आहे. आमच्या रक्तात तसलं काई नाई.”

बौद्ध वस्तीतली माणसं रांगेत उभी राहिली, गोंडांची राहिली. भैयाजींच्या आळीतून कुत्रंसुद्धा तिकडे फिरकलं नाही. ज्यांना हे लोक अडाणी म्हणायचे त्यांनी पुढच्या लेकरांचा विचार केला, आणि या शहाण्यांनी मानपानाचा. अशा शहाणपणाला काय म्हणावं!

दिव्यानी सून होऊन आली. गोरी, अबोल, कामाला चपळ. प्रणित झाला तेव्हा भैयाजींनी गावभर पेढे वाटले. पोर वर्षाचंही झालं नव्हतं तेव्हा त्याचे हातपाय सुजले. मग पोटात, पाठीत कळा यायला लागल्या. हात लावला तरी लेकरू किंचाळायचं. दवाखान्यात निदान झालं, सिकलसेल. आईकडून अर्धं आणि बापाकडून अर्धं आलं की पूर्ण आजार होतो, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. भैयाजींनी त्यातलं आईकडचं तेवढं ऐकलं.

“हिची आजी सिरोंच्याकडची. तिकडं कोण कोणात मिसळलं, कोणाले मालूम! आमचं रक्त नासवलं हिनं.”

विक्की बल्लारपूरला कामाला होता, सुट्टीवर घरी आला होता. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. दिव्यानीला पोरासकट माहेरी पाठवायचं ठरलं. तिची पिशवी कमळानं स्वतःच्या हातानं भरली. पोराच्या गोळ्या सापडतील अशा वर ठेवल्या, पण तोंडातून शब्द काढला नाही.

सून गेली, पण डॉक्टरांचं ते ‘अर्धं-अर्धं’ कमळाच्या डोक्यातून जाईना. अर्धं विक्कीचं असेल तर विक्कीला ते दिलं कोणी? एका बाजाराच्या दिवशी भाजीची थैली घेऊन ती सरळ दवाखान्यात शिरली आणि रक्त देऊन आली. पुढच्या बाजाराला तिथल्या सुकरी सिस्टरनं तिला जवळ बसवून घेतलं.

“मावशी, तुमच्यात अर्धं आहे. तुमाले त्याचा तरास नाई. उलट लहानपणी त्याच्यानंच वाचल्या असान. ज्याच्यात हे अर्धं असते, त्याले हिवताप सहसा मारत नाई.”

“पण बाई, आमी तं...” कमळा जातीचं नाव घेता घेता थांबली.

“आमा गोंडाइत आहे, बौद्धाइत आहे, तुमच्यातबी आहे. तिकडं आफ्रिकेत आहे. जिथी पिढ्यान्‌पिढ्या तो ताप होता, तिथी असं रक्त असलेले जास्त जगले, न् त्याइची लेकरं वाढली. मच्छरानं कुठी जातीचा दाखला पाह्यला?”

सिस्टर हसली. कमळाला हसू आलं नाही. भाऊ गेले, बहीण गेली आणि आपण उरलो ते बहुतेक ह्या अर्ध्यामुळं, आणि तेच अर्धं विक्कीच्या मार्फत नातवापर्यंत पोचलं. शिक्षा मात्र एकट्या दिव्यानीला! तिला स्वतःची किळस आली. दवाखान्याच्या बाकावर बसून ती पोटभर रडली.

विक्की घरी आला त्या दिवशी, बापलेक जेवत असताना, तिनं सगळं सांगून टाकलं. भैयाजींनी ताट सरकवलं. चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवलेला माणूस तिच्या नाकाकडे निरखून पाहू लागला.

“तरीच,” ते म्हणाले.

कमळा चुलीजवळून उठली. विक्कीनंही घास टाकला आणि पहिल्यांदाच बापाला न विचारता गाडी बाहेर काढली. मायलेक तसेच दिव्यानीच्या माहेरी गेले.

प्रणित खाटेवर पडला होता. डोळे पिवळे, ओठ पांढरेफटक. दिव्यानी त्याची पाठ चोळत होती. कमळानं काही हातचं न राखता तिला सांगितलं, तिच्यापुढे पदर पसरला.

“चाल माय घरी. माह्याच रक्तातून आलं ते. तुह्यात काई खोट नाई.”

दिव्यानीचा हात थांबला.

“आई, तुमच्यात नसतं निघालं, तं आल्या असत्या?”

“अवं, आता ते कायले काढून राह्यली?” विक्की म्हणाला.

“तुमी थांबा. मी आईले इचारून राह्यली.”

कमळाला खोटं बोलता आलं असतं. पोरगी कदाचित आलीही असती.

“नाई,” ती म्हणाली. “नसती आली.”

दिव्यानीनं नुसती मान हलवली. ती चिडली असती, ओरडली असती तर कमळाला बरं वाटलं असतं.

“डॉक्टरनं रक्त चढवाले सांगतलं आहे. पोराले आत्ता न्या लागते,” ती विक्कीला म्हणाली. “मी मागं धरून बसते. पण तिथून मी इथीच येईन. ज्या घरात आधी रक्त पाह्यते न् मंग माणूस, तिथी मी लेकरू वाढवत नाई.”

पोराला चादरीत गुंडाळून ती गाडीवर बसली. कमळाला जागा नव्हती. ती तिथेच ओसरीवर टेकली. दिव्यानीच्या आईनं तिच्यापुढे पाण्याचा गिलास ठेवला आणि आत निघून गेली.