श्री नसलेलं कार्ड

त्या वर्षी मी इतकी दमले होते की फळ्यावर लिहिता लिहिता हात आपोआप खाली यायचा. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि अण्णांची उजवी बाजू अर्धांगवायूने लुळी पडल्याला दोन. पहाटे त्यांचं सगळं आवरायचं, वाडीतल्या विहिरीचं पाणी भरायचं, मग पाचपर्यंत गावच्या शाळेत मुलांपुढे उभं राहायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच. लोक म्हणायचे, मुलगी असावी तर अशी. म्हणणाऱ्यांचं काय जातं?

मला एकच बहीण, ताई, मुंबईला दिलेली. तिने चार दिवस येऊन अण्णांना सांभाळावं, एवढंच माझं मागणं होतं. पावसाळा संपून बोट सुरू झाल्यावर मी तिला तीन पत्रं घातली. तिन्हींना उत्तर एकच : "पुढच्या महिन्यात बघते." तिच्याही मागे घर होतं, मुलं होती, ती खोटं बोलत नव्हती. पण दमलेल्या माणसाला दुसऱ्याच्या अडचणी ऐकवत नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या मुख्याध्यापकांना मुंबईहून फुलाफुलांचं छापील शुभेच्छापत्र आलं. सगळ्या शिक्षकांनी ते हाताळून पाहिलं. माझ्या मनात आलं, साध्या पत्राने ही बाई हलत नाही, असल्याने कदाचित हलेल.

भाजीवालीकडे मी जून भेंडी मागितली.

"मास्तरीणबाय, ही शिजायची न्हाय," ती म्हणाली.

"शिजवायची नाही, छापायची आहे."

"शाळंत आता ह्ये पन शिकवतान?" असं म्हणून तिने चार भेंड्या फुकट दिल्या.

भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. पानांसाठी बटाटा कोरला. बशीत फडक्याची घडी ठेवून तिच्यावर शाई ओतली आणि झाली शिक्क्याची गादी. फुलं लाल करायची होती, पण सहामाहीचे पेपर तपासण्यात लाल शाई संपली होती. उरली होती वड्या विरघळवून केलेली निळी-काळी. म्हटलं, असू दे. मधे हळदीच्या पाण्याचा ठिपका दिला की फूल ते फूलच.

अण्णा खाटेवरून बघत होते. मी एकेक शिक्का दाबत होते आणि कितीतरी दिवसांनी काहीतरी करताना मला बरं वाटत होतं. ड्रॉइंगच्या जाड कागदाच्या चारी कडांना पानांची वेल काढली, माथ्यावर दाटीवाटीने फुलं छापली. तळाशी जागा उरली तिथे बारीक अक्षरात लिहिलं, "दिवाळीला ये. चार दिवस राहा. मी फार दमले आहे." सुकल्यावर पाकिटात घालून पोस्टात टाकलं.

चौथ्या दिवशी दुपारी कुंपणाच्या बेड्याशी हंबरडा ऐकू आला. मी धावत बाहेर आले. ताई होती, केस सुटलेले, हातात नुसती एक पिशवी. "अण्णा गेले गं," म्हणत ती माझ्या गळ्यात पडली. आतून अण्णांनी जड जिभेने विचारलं, "कोण गेलं?"

ताई पायरीवरच बसली.

मग हळूहळू उलगडा झाला. आमच्याकडे कुठल्याही पत्राच्या माथ्यावर आधी श्री घालतात. श्री नसतो तो फक्त मृत्यूच्या पत्रावर, आणि तसलं पत्र घरात ठेवत नाहीत, फाडून टाकतात. मी श्रीच्या जागी फुलं छापली होती. मुलांच्या वहीत श्री नसला तर ओरडणारी मी, मला ते सुचलंही नव्हतं. त्यात ती शाई वाळून पार काळी झालेली. ताईने वर पाहिलं तर श्री नाही, भोवती काळी चौकट, आणि घरात अण्णा आजारी. पुढे वाचायची तिची छाती झाली नाही. कार्ड फाडून, नेसत्या लुगड्यानिशी अंगावर पाणी घेऊन ती मिळेल त्या बोटीने निघाली होती.

"काय लिहिलं होतंस त्यात?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने सुटलेले केस बांधले. मग म्हणाली, "वाचलं असतं तर आले नसते गं. पुढच्या महिन्यात बघते, असंच कळवलं असतं."

मला तिचा राग आला नाही. रागाला अंगात जोर लागतो. आत जाऊन मी जमिनीवरच आडवी झाले. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती. ताई अण्णांना मऊ भात भरवत होती आणि अण्णा तिच्याकडे बघून रडत होते. मीही रडले, पण ते सुटल्यासारखं वाटून.

ती चार दिवस राहिली. निघताना धक्क्यावर मला म्हणाली, "यापुढे श्री घालून लिहीत जा. माझं काळीज थांबलं होतं."

त्यानंतर मी तिला श्री घालून पुष्कळ पत्रं लिहिली. ती आली ती तीन वर्षांनी, श्री नसलेल्या पत्राला.