स्वयंपाकघरामागचं वाचनालय

माझा स्वभाव हेवा करण्याचा आहे, हे आधीच कबूल करते. मैत्रिणींच्या साड्यांचा केला, जावेच्या नव्या घराचा तर अजून करते. पण वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीचा हेवा करायची वेळ माझ्यावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

मोखाड्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी ग्रंथपाल आहे. जव्हारहून रोज एसटीने येते-जाते. वाचनालयाची खोली मी हौसेनं लावली. पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, नंबर चिकटवले, दारावर ‘शांतता राखा’ची पाटी लावली. मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून एक नियमही केला. पुस्तक परत करताना वहीत त्याचा सारांश लिहून आणायचा, तो मी तपासणार आणि मगच दुसरं पुस्तक मिळणार. या नियमाचा मला कोण अभिमान! पुस्तकं न्यायला फारसं कुणी फिरकत नव्हतं, पण त्याचं खापर मी मोबाइलवर फोडून मोकळी झाले होते.

नववीतली पोशेरे गावची एक मुलगी तेवढी एक जाड कादंबरी घेऊन गेली. धरणासाठी गाव उठतं, घाईत एक गाय मागे राहते आणि घरातली मुलगी तिला शोधायला एकटीच निघते, एवढं मागच्या कव्हरावर छापलेलं होतं. महिना झाला तरी पुस्तक परत येईना. शेवटी शाळा सुटल्यावर मीच शाळेमागच्या मुलींच्या वसतिगृहात गेले.

स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर आठ-दहा मुली तांदूळ निवडत बसल्या होत्या. पोशेऱ्याची मुलगी मोठ्यानं वाचत होती. एक पान झालं की ती थांबे आणि तेच आपल्या घरच्या बोलीत रंगवून सांगे. समोर चुलीशी दुधी चिरत मावशी बसली होती. मावशी म्हणजे तिथली स्वयंपाकीण, मूळची सूर्यमाळची. ती विळीवरचा हात थांबवून विचारत होती, “मंग? गाईला तशीच टाकून आली काय? काय माणसा म्हणायची ही!”

मुली एकदम बोलायला लागल्या. बापाचं चुकलं, नाही आईचं चुकलं, मी असते तर टेम्पोतून उडीच मारली असती. चांगलं भांडण जुंपलं. त्यातली एकही मुलगी माझ्यासमोर पुस्तकाचं नाव सांगण्यापलीकडे कधी तोंड उघडत नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तकं मी मागवायची, कव्हरं मी घालायची आणि वाचक मात्र हिचे!

“बसा ना मॅडम, चहा टाकते,” मावशी म्हणाली. मी बसले नाही. पानावर हळदीचं बोट उमटलेलं मला दिसलं आणि मला हवं ते निमित्त सापडलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. मुली विस्तवाजवळ बसतात, पुस्तकं खराब होतात, अभ्यासाचा वेळ जातो. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही माझं खरं कारण नव्हतं. मुलींना स्वयंपाकघराकडे जायला बंदी झाली. संध्याकाळी पाच ते सहा त्यांनी वाचनालयात बसायचं ठरलं.

आल्या. रांगेनं आल्या, रांगेनं बसल्या. कुणी हूं की चूं करीना. मागून कांद्याच्या फोडणीचा वास आला की सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळत. मी जिंकले होते, पण पाच वाजत आले की मलाच त्या खोलीत जावंसं वाटेना.

आठवडाभरानं एका संध्याकाळी, मुली बसलेल्या असतानाच, मावशी दारात आली. चपला बाहेर काढून, पदराला हात पुसत उभी राहिली.

“मॅडम, त्या पोरीला गाय गावली का नाय, तेवढा सांगा. मला वाचता येत नाय. पोरी आता माझ्याकडे येत नाहीत.”

पुस्तक माझ्या टेबलावरच होतं. त्याचा दाखल नंबर मला पाठ होता, पानं किती हेही माहीत होतं. पण मी ते वाचलेलं नव्हतं.

“शेवट सांगितला तर मजा जाते,” मी म्हणाले.

तिनं टेबलावरच्या पुस्तकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “तुम्ही पण नाय वाचला?”

त्यात टोमणा नव्हता. पुस्तक न वाचलेल्या एका बाईनं दुसरीला मायेनं विचारावं तसं तिनं विचारलं आणि तेच मला जास्त झोंबलं.

पोशेऱ्याची मुलगी उठली. तिनं उरलेलं पुस्तक इथंच बसून संपवलं होतं. मावशीला हाताला धरून तिनं बाकावर बसवलं आणि ती सांगायला लागली, घरच्या बोलीत, भरभर, हातवारे करत. बाकीच्या मुली बाकं सोडून भोवती गोळा झाल्या. मध्येच मावशीनं डोळ्याला पदर लावला, मग काहीतरी बोलली आणि सगळ्या खो खो हसल्या. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

माझ्या वाचनालयात पहिल्यांदाच एका पुस्तकावर मुली अशा तुटून पडल्या होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल थोडा. पण खरं सांगायचं तर मी टेबलाशी बसून नुसती जळत होते. ती बोली मला धड कळत नव्हती. गाय सापडली की नाही हे त्या खोलीत माझ्याखेरीज सगळ्यांना कळलं होतं आणि त्यांना विचारायचं माझं धाडस झालं नाही.