रूथ पीठ घोटत होती तेव्हा

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. फादरांपुढे पापनिवेदनाला बसले तेव्हा चिडणं, रुसणं, खोटं बोलणं सगळं सांगितलं — हे तेवढं वगळलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरी कधी जेवायला येणार नाही.

आम्ही श्रीरामपूरचे, ख्रिस्ती. राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागतो, म्हणून आदल्या दिवशी घरातली अंडी-लोणी संपवायची आणि पॅनकेक करायचे ही आमच्याकडची रीत. सासूबाईंच्या आई ते मिशनमधल्या परदेशी सिस्टरांकडून शिकल्या आणि साखरेऐवजी गूळ घालून त्यांनी ते आपलेसे केले. त्या संध्याकाळी गल्लीतली माणसं न बोलावता येतात. आमचा पॅनकेक जाड, मऊ, बोटाने दाबला तर पुन्हा वर येणारा. खुबी एकच — अंड्यातलं पांढरं वेगळं काढून रवीने घुसळायचं, तो फेस शेवटी पिठावर ओतायचा, अलगद वरखाली करायचा आणि हात आवरायचा. पुढे डाव फिरवला की फेस बसतो आणि सगळं मुसळ केरात.

आणि खरं सांगू? त्या घरात माझं म्हणून तेवढंच होतं. मी घुमी, तोंड पाडून वावरणारी. माझं कौतुक व्हायचं ते त्या एका संध्याकाळी. मग धाकट्या दिराची बायको आली, पाथर्डीकडची रूथ. हसरी, चटकन जीव लावणारी. सासूबाई माझ्याऐवजी तिला हाका मारू लागल्या. त्यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? पण वाटलं — रोज वाटलं.

एका वर्षी सासूबाई म्हणाल्या, यंदा रूथला करू दे, तू शेजारी उभी राहून शिकव. मी शिकवलं. ताकात गूळ विरघळवणं, पीठ चाळणं, फेस काढणं — काहीसुद्धा चोरलं नाही, असं मी स्वतःला कितीदा बजावलं आहे. फक्त 'आता हात आवर' म्हणायचं राहिलं. राहिलं? बघा, अजूनही कसा सोयीचा शब्द सापडतो. रूथच्या माहेरी धिरड्याचं पीठ घोटून घोटून करतात. तिने फेस ओतला, डाव उचलला आणि मन लावून घोटायला लागली. मी बघत होते. फेस बसत गेला, पीठ पातळ झालं. मी तव्याला लोणी लावत राहिले.

पॅनकेक चपटे आणि चिवट झाले. बाहेर माणसं बसलेली. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्या हातातलं उलथणं काढून माझ्या हातात दिलं, एवढंच. मला आनंद झाला. त्याला दुसरं नाव देता येत नाही.

त्यानंतर रूथने ते पीठ कधी कालवलं नाही. तेवढ्यावर भागलं असतं तर! पण ती नाताळच्या करंज्यांनाही हात लावेना. पाहुणे येणार असले की भाजी चिरून द्यायची आणि बाजूला व्हायची. माझ्या हाताला चव नाही, असं हसत सांगायची, आणि हळूहळू ते सगळ्यांना खरं वाटू लागलं. तिच्या नवऱ्याला, मुलीला. सासूबाई वारल्या त्याही तसंच समजून.

यंदा तिच्या मुलीचं, स्नेहलचं लग्न ठरलं. रूथच म्हणाली, पोरीला तुम्ही शिकवा, माझ्यासारखं नको व्हायला. स्नेहलने फेस ओतला आणि डाव फिरवणार, तोच माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब, घोटू नकोस. फेस बसेल."

रूथ दारातच उभी होती. तव्यावर पॅनकेक फुगला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी घोटत हुते तवा तुमी शेजारीच हुत्या ना?"

तेव्हा मला खरं बोलता आलं असतं. आम्ही तिघीच होतो, भीती कुणाची नव्हती.

"माझं लक्ष नव्हतं गं," मी म्हणाले.

"व्हय, गर्दी लई हुती त्या दिशी," असं म्हणून तिनेच मला सोडवलं. मग पॅनकेक ताटलीत घेऊन ती उभ्याउभ्याच खाऊ लागली.

माझं लक्ष होतं. तिने डाव उचलला तेव्हापासून होतं.