तेरा इंच की चौदा?

लग्न होऊन मी वाशीला राहायला आले तेव्हा आमच्या सेक्टरात माणसांपेक्षा रस्तेच जास्त होते. रुंद, सरळ आणि रिकामे. दोन्ही बाजूंना अर्धवट इमारतींचे खांब उभे आणि मधूनमधून एखादी म्हैस. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी दोन चौक ओलांडून जावं लागे, त्यामुळे बाकीचे लोक या रस्त्यांना वैतागले होते. माझ्या नवऱ्याला मात्र हे रस्ते खास आपल्यासाठीच बांधलेत असं वाटायचं, कारण त्याच्याकडे गाडी होती.

गाडी म्हणजे तीच, जिच्या टॅक्सी तेव्हा अर्ध्या मुंबईत धावायच्या. पण घरात टॅक्सी हा शब्द काढायची सोय नव्हती. नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात इंजिनिअर होता आणि सुट्टीचा दिवस गाडीखाली आडवा पडून घालवायचा. त्याने तिला दोन कार्बोरेटर लावले होते, इंजिनाचं हेड घासून घेतलं होतं आणि सायलेन्सर असा बसवला होता की गाडी चौकात आली की तिसऱ्या मजल्यावर मी आमटीला फोडणी घालायला घ्यायचे. गाडी पळायची मात्र भन्नाट. तेवढं कबूल करायलाच हवं.

मीही चालवायचे. पनवेलला माझ्या वडिलांचे ट्रक होते. आमच्या अंगणात मी कॉलेजला जायच्या आधीपासून ट्रक मागे घ्यायचे, वळवायचे, ओळीत लावायचे. पण फाटकाच्या आत. फाटक आलं की भाऊ वर चढायचा आणि मी खाली उतरायचे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारी जाऊन बसला. बाकी त्याच्या शंभर गोष्टींवरून आमचं वाजायचं, पण त्या एका गोष्टीसाठी मी त्याला पुष्कळ माफ केलं. सासऱ्यांसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणायचे आणि गाडीचं दार लागलं की ‘अरे’.

तर एके दिवशी तो बातमी घेऊन आला. मुंबईच्या एका मोटर क्लबने घाटात चढाईची शर्यत ठेवली होती. एकेक गाडी खालून सोडायची, वरती वेळ घ्यायची. साधी घरातली गाडी चालणार होती. नियम एकच होता: एका गाडीला एकच चालक.

तो कॉलेजपासून अशा शर्यतींची चित्रं कापून ठेवायचा. आणि मलाही चालकाची ती जागा हवी होती. नुसती गंमत म्हणून नव्हे. मला कुणीतरी घड्याळ लावून एकदा सांगायला हवं होतं की ही बाई गाडी चालवू शकते. दोघंही दोन दिवस एकमेकांशी फार गोड वागलो. तिसऱ्या दिवशी चहा पिताना मी म्हटलं, “अहो, जो जास्त वेगात चालवेल तो जाईल. सोपं आहे.” सासरे पेपरमागून म्हणाले, “हे बरं आहे.” ते मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झाले होते. भांडण मिटायची वेळ ठरली की त्यांना बरं वाटायचं.

मग आला चाकांचा प्रश्न. गाडीची मूळची चाकं चौदा इंची, टायर बारीक. नवऱ्याच्या मते घाटात हे टायर म्हणजे आत्महत्या. कुर्ल्याच्या भंगारातून त्याने कुठल्याशा परदेशी गाडीच्या तेरा इंची रिम शोधून आणल्या. बोल्टची भोकं जुळली तेव्हा त्याला मुलगा झाल्याइतका आनंद झाला. त्यावर बसवायला तो बुटके, रुंद टायर शोधू लागला. रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, जास्त रबर म्हणजे जास्त पकड, असा त्याचा पाढा. माझं म्हणणं उलटं होतं. बारीक टायर पकड सुटायच्या आधी कुरकुरतो, सांगून सुटतो. रुंद टायर शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि मग एकदम दगा देतो. शिवाय रुंद टायरांनी स्टिअरिंग असं जड होतं की वळवताना दंडात गोळे येतात.

टायरचं दुकान होतं तळवलीच्या एका गृहस्थांचं. भातशेती शहरात गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी रस्त्यालगत दुकान टाकलं होतं आणि दारात खुर्ची टाकून ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पायांकडे बघत बसायचे. मी माझी बाजू मांडली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“तुमी बोलता त्ये खरा हाय ताई,” ते म्हणाले, “पन ह्यो रुंद टायर लावल्यावं गारी कशी छाती कारून उबी ऱ्हाते, बगा तरी!”

नवऱ्याने बघितलं आणि तिथेच सगळं संपलं.

ते रुंद टायर बसवले खरे, पण चाकं बाहेर डोकावू लागली. मडगार्डला कुठे घासतात ते कळायला नवऱ्याने माझा गेरू पळवला आणि कालवून मडगार्डच्या आतून फासला. टायरला लाल लागलं की घासलं. रिकामी गाडी पास झाली. मग भरलेली गाडी बघायची म्हणून त्याने सोसायटीतली माणसं मागे बसवायला घेतली. वरच्या मजल्यावरच्या काकू साताऱ्याकडच्या, अंगाने भरभक्कम. त्यांना त्याने फारच अदबीने बोलावलं.

“मलाच का बशिवताय?” काकूंनी विचारलं.

“सहज. चक्कर मारू या म्हटलं.”

“वजनाला बशिवताय व्हय? मग सरळ सांगा की!” असं म्हणून त्या ऐसपैस बसल्या. शेजारी आणखी दोघी चढल्या. पहिल्याच खड्ड्याला मागून खर्रकन आवाज आला आणि टायर लालभडक होऊन बाहेर आले. काकूंनी तो आवाज स्वतःच्या नावावर घ्यायला साफ नकार दिला. नवऱ्याने दोन सुट्ट्या खर्चून मडगार्डची कड आत वळवली, मग काकूंना पुन्हा बसवलं, आणि या वेळी गेरू जागच्या जागी राहिला. काकूंनी पेढे मागितले, ते आणावे लागले.

आमची चाचणी एका रविवारी सकाळी नेरूळकडच्या नव्या रस्त्यावर झाली. तिकडे तेव्हा चिटपाखरू नसायचं. एका मोरीपासून सुटायचं, मिठागराच्या कडेला रस्ता संपायच्या आत काटा कुठवर चढतो ते बघायचं. काटा बघायला शेजारी सासरे. प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या चाकांवर चालवायचं असं ठरलं, म्हणून आधी तो तेरा इंचीवर गेला. मग घामाघूम होऊन त्याने चारी चाकं बदलली आणि मी चौदा इंचीवर गेले.

सासऱ्यांनी दोन्ही वेळा काटा बोटांनी मोजला. माझा शंभराच्या वर जेमतेम एक बोट. त्याचा दोन.

मी हरले. हसून अभिनंदन वगैरे केलं, पण घरी आल्यावर पोळ्या अशा लाटल्या की सासरे दोनदा येऊन बघून गेले. त्याने सोमवारी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. फाटकावरचा पहारेकरीसुद्धा त्याला सलाम करून “कब है साब?” विचारायला लागला.

पुढच्या रविवारी आम्ही माझ्या माहेरी निघालो. जिंकलेली तेरा इंची चाकं अर्थातच गाडीवर. माहेरी जाताना किलोमीटर मोजायची त्याची जुनी खोड. पनवेलच्या बरंच अलीकडे तो म्हणाला, “बघ, वीस झाले, अजून घर नाही. तुझं माहेर दर खेपेला लांब जातं.”

मी म्हटलं, “तुझा उत्साह कमी झाला असेल.” आणि सहज खिडकीबाहेर बघितलं. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड अजून यायचा होता, मीटरवरचा आकडा मात्र बदललेला. पुढचा दगड धरून मी मोजायला लागले. मीटर आधी, दगड नंतर. त्याच्या पुढचा दगड आणखी उशिरा.

“गाडी थांबव.”

“काय झालं? मळमळतंय?” त्याच्या चेहऱ्यावर एकदम वेगळीच आशा उमटली. ती तिथल्या तिथे मोडावी लागली.

“रस्ता लांबला नाही रे,” मी म्हटलं. “चाकं लहान झालीत.”

त्याला दुसरं वाक्य लागलं नाही. चाक लहान, म्हणून तेवढ्याच रस्त्याला जास्त गिरक्या. आणि मीटर बिचारा रस्ता मोजत नाही, गिरक्या मोजतो. किलोमीटर खोटे, तसा वेगही खोटा. त्याने स्टिअरिंगवर बोटाने आकडे गिरवले, पुसले, परत गिरवले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“म्हणजे मी शंभरसुद्धा...” तो म्हणाला.

“जेमतेम.”

“आख्ख्या कारखान्याला सांगितलंय मी.” आणि मग तो हसत सुटला. रस्त्याकडेला गाडी उभी करून इंजिनिअर माणूस स्वतःच्या इंजिनिअरिंगवर पोट धरून हसत होता. मला तो त्या वेळी फार आवडला. तरीही मी सोडणार नव्हते. म्हटलं, “पुन्हा चाचणी. घड्याळावर.”

एक गोष्ट मात्र मला कबूल करणं भाग होतं. त्या आठवड्यात बेलापूरच्या टेकडीच्या चढावर मी ती लहान चाकं चालवून पाहिली होती. लहान चाकाने ओढ वाढते, त्यामुळे चढाला गाडी अशी झेपावायची की माझे चौदा इंची तिथे दमले असते. रुंद टायरांना मी काय काय बोलले होते! सांगायचं जिवावर आलं होतं, पण सांगितलं. घाटासाठी तेराच बरोबर. तेव्हा या वेळी दोघंही तेरावर, आणि सरळ रस्ता नको, वळणं हवीत. मोरीपासून निघायचं, नेरूळच्या अर्धवट चौकांना वळसे घालत परत मोरीशी यायचं.

तो आधी गेला. सुंदर चालवली त्याने. फक्त प्रत्येक वळणाआधी ब्रेकचे दिवे जरा लवकर लागायचे.

परत आल्यावर तो उतरला आणि मी बसायला गेले तेव्हा त्याने दार धरून ठेवलं. सासरे पलीकडे घड्याळाला किल्ली देत होते. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तो वाकून म्हणाला, “हे बघ, मुद्दाम हळू चालवलीस तर मला इंजिनाच्या आवाजावरून कळेल. मग मी बोलणार नाही तुझ्याशी.”

खरं सांगायचं तर तसा विचार माझ्या मनात अगदीच आला नव्हता असं नाही. त्याने तो ओळखला. मग मात्र मी मागेपुढे बघितलं नाही. वळणात टायर सुटतील त्याच्या केसभर अलीकडे पाय उचलायचा, आणि वळण सरळ व्हायच्या आधीच परत दाबायचा. सासरे एका हाताने दार आणि एका हाताने घड्याळ धरून बसले होते. एकदा फक्त “राम राम” म्हणाले.

मोरीशी गाडी थांबली तेव्हा त्यांनी घड्याळ लेकाला दाखवलं. “सूनबाई आधी,” ते म्हणाले. “बरीच आधी.”

पंधरवड्याने मी घाट चढले आणि आमच्या गटात चौथी आले, हे इथेच सांगून टाकते, कारण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे. चाचणीच्या दिवशी नवरा घरी येऊन गाडीखाली शिरला नाही. जेवला, पेपर वाचला, झोपला. जिंकल्याचा आनंद मला धड करता येईना, आणि तो करता येत नाही म्हणून त्याचाच राग येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा द्यायला खाली गेले तर त्याचे पाय गाडीच्या दारातून बाहेर आलेले. आत आडवा पडून तो काहीतरी पिळत होता. तो सहा फुटी, मी जेमतेम पाच. गाडी माझ्या हाती आली की चालकाची सीट पुढे ओढायची, त्याच्या हाती गेली की मागे. ती सीट त्याने पार पुढे आणून रुळात आरपार बोल्ट घालून पक्की केली होती.

“चढावर सीट मागे सरकली तर ब्रेकला पाय पुरणार नाही तुझा,” तो हात पुसत म्हणाला.

“अरे, पण शर्यतीला अजून पंधरवडा आहे. तू कामावर कसा जाणार? रोज बोल्ट काढून मागे घे ना.”

“रोज काढला-घातला की ढिला होतो. राहू दे.”

माझ्या हातातला डबा घेऊन तो आत शिरला. त्याला जवळजवळ घडीच घालून बसावं लागलं. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले, डोकं टपाला टेकलं. गाडी सुरू करून त्याने मला हात केला. कोपऱ्यावर वळताना त्याचा गुडघा हॉर्नवर आपटला आणि गाडी उगाचच वाजली.